सोबत जमवताना: चार केलडी, एक पिंजरा

8 ऑक्टोबर 2024

जागा वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून सव्वा किलोमीटरवर, कातळाच्या उतारावर. काम एकच: वन विभागाने सोपवलेल्या चार केलड्यांचा एक कळप जमवणे. चौघांनाही रानात सोडता येणार नाही, हे डॉक्टर आणि वन विभाग यांनी मिळून आधीच ठरवलेलं आहे.

केलडं म्हणजे लाल तोंडाचं टोपी माकड. डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे पसरतात. जगात ते फक्त आपल्या द्वीपकल्पीय भारतात सापडतं. स्वभावाने आपल्या मकाक गटातल्या बऱ्याच माकडांपेक्षा सोशिक. दुपारी चार-पाच जणं एकमेकांना बिलगून बसलेली दिसतात ती हीच. म्हणून एकटेपणा याला जास्त लागतो.

क-1: नर, सात-आठ वर्षांचा, 7.2 किलो. खेळवाल्याकडचा. वरचे दोन्ही सुळे हिरडीजवळ कापलेले, मानेभोवती केस न उगवलेला पट्टा. माकडाच्या खेळांवर 1998 च्या अधिसूचनेने बंदी आहे, तरी अशी जनावरं अजून येतात.
क-2: मादी, साधारण चार वर्षांची, 3.6 किलो. दूधपिती असताना घरात आणलेली, नंतर कमरेला साखळी. तेव्हापासून दुसरं केलडं तिने पाहिलेलं नाही.
क-3: मादी, नऊच्या आसपास, 4.1 किलो. रानात वाढलेली. विजेच्या तारेचा शॉक, उजवा हात कोपराखाली काढावा लागला.
क-4: पिल्लू मादी, वर्षाचं, 1.3 किलो. कुत्र्यांच्या हल्ल्यातून वाचलेलं.

या यादीत सगळ्यात मोलाची क-3. हात एक असला तरी माकडांची रीतभात तिला येते. बाकीच्यांना जे शिकायचं आहे ते माणूस शिकवू शकत नाही.

15 ऑक्टोबर

क्वारंटाइन सुरू. चौघं चार खोल्यांत, एकमेकांचा आवाज ऐकू येईल पण हात लागणार नाही अशी.

टीबीची पहिली चाचणी आज. वरच्या पापणीच्या कडेला 0.1 मिली ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूंचा अर्क), त्वचेच्या आत. पापणीत देण्याचं कारण साधं: 24, 48 आणि 72 तासांनी सूज पाहायची असते, ती बाहेरून बघता येते, पुन्हा भूल द्यावी लागत नाही. एका चाचणीवर भागत नाही. दोन-दोन आठवड्यांनी तीनदा: आज, 29 ऑक्टोबर, 12 नोव्हेंबर. माकडांना टीबी बहुतेक वेळा माणसाकडूनच लागतो, म्हणून कीपरांच्या छातीचे एक्स-रेही याच आठवड्यात. सर्दी-ताप असलेला माणूस आत येणार नाही. गोवरसुद्धा माणसाकडून माकडाला जातो.

भूल देण्याआधी मोठ्यांना रात्रभर उपाशी ठेवलं. तरी क-1 च्या दोन्ही गालपिशव्यांत चणे निघाले, आदल्या संध्याकाळचे. केलड्याला भूल चढली की पहिलं काम म्हणजे तोंड उघडून दोन्ही गाल बोटाने रिकामे करणे. नाहीतर तेच चणे श्वासनळीत जातात.

विष्ठा-तपासणीसाठी लागोपाठ तीन दिवसांचे नमुने. गोचीड तिघांच्या अंगावर, कानांच्या मागे आणि शेपटीच्या बुडाशी. चिमट्याने काढून स्पिरिटच्या बाटलीत, बाटलीवर तारीख. इथे हे हलक्यात घ्यायचं नाही. माकडताप, म्हणजे 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला विषाणू, 2016 पासून आपल्या दोडामार्गात आहे आणि तो गोचिडीतूनच पसरतो. वाडीत कुठेही मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं, असा कागद गेटवर लावला.

चावा बसला तर साबण-पाण्याने घड्याळ लावून 15 मिनिटं धुणे, मग दवाखाना. जखम लहान आहे म्हणून सूट नाही. सगळ्या कीपरांना रेबीजची लस आधीच दिलेली आहे.

11 नोव्हेंबर

पिंजरा: 6 × 5 मीटर, उंची 4. मागे दोन रात्रीच्या खोल्या, प्रत्येकी 2 × 2 मीटर, बाहेरून ओढता येणाऱ्या सरकत्या दारांनी जोडलेल्या. खाली चिऱ्याची 60 सेंटिमीटर भिंत. चिरा उघडा ठेवला तर मूत शोषतो आणि वास कधीच जात नाही, म्हणून आतून सिमेंटचा गिलावा आणि घोटाई.

जाळीवरून काम तीन आठवडे अडलं. मागवली होती वेल्ड करून मग वितळलेल्या जस्तात बुडवलेली, 50 × 50 मिलिमीटर, 4 मिलिमीटर तारेची. आली ती विजेच्या मुलाम्याची. दिसायला जास्त चकचकीत, पण जस्ताचा थर इतका पातळ की खाऱ्या वाऱ्यात एक पावसाळाही निघणार नाही. परत पाठवली. ओळखायची खूण: बुडवलेल्या जाळीच्या सांध्यांत जस्ताचे ओघळ आणि गाठी दिसतात, मुलाम्याची गुळगुळीत असते.

त्या गाठींची दुसरी बाजूही आहे. माकडं जाळी चाटतात, कुरतडतात, आणि पोटात गेलेलं जस्त शरीरातलं तांबं कमी करतं. पिल्लांची लव त्यामुळे पांढरी पडते. म्हणून नवी जाळी तारेच्या ब्रशने घासून, व्हिनेगरच्या पाण्याने पुसून, धुऊन मगच उभी केली. जागेवर जिथे वेल्डिंग करावं लागलं तिथलं जस्त जळलेलं असतं. तिथे जस्तयुक्त रंगाचे दोन हात. गंज पहिल्यांदा धरतो तो जमिनीपासून हातभर उंचीवर, जिथे मूत आणि धुण्याचं पाणी उडतं. दर महिन्याला तेवढाच पट्टा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायचा.

बसण्याच्या काठ्या माणगा बांबूच्या, 4 ते 5 सेंटिमीटर जाडीच्या. माणगा आतून भरीव, तडकत नाही. सगळ्यात वरच्या काठीवर चौघं एकाच वेळी बसू शकतील एवढी लांबी ठेवली. केलडं घाबरलं की वर पळतं. वरची जागा एकाचीच असेल तर ती मोठ्याची होते आणि भांडण तिथूनच सुरू होतं. काथ्याचे जाड दोर दोन्ही टोकांना ताणून बांधले. लोंबतं टोक नको, फास बसतो. नायलॉनचा दोर अजिबात नको, कारण उसवलेले धागे गिळले जातात.

पिंजऱ्यात तीन आडोसे: झावळांचे तट्टे, माणसाच्या छातीइतके. प्रत्येकाला दोन बाजूंनी वाट. एका वाटेचा आडोसा म्हणजे सापळाच.

13 नोव्हेंबर

कालची तिसरी चाचणी 24 तासांनी स्वच्छ. भूल होती तेवढ्यात डॉक्टरांनी क-1 ची नसबंदी केली आणि सुळ्याच्या मुळाशी झालेला गळू साफ केला. वृषण काढलेले नाहीत. ते काढले तर नराचा देह आणि वागणूक दोन्ही ढिले पडतात आणि कळपात त्याची जागा राहत नाही. नसबंदीनंतर काही आठवडे वीर्यात बीज राहतं, पण माद्यांकडे तो एप्रिलशिवाय जाणार नाही. इथे पिल्लं होऊ द्यायची नाहीत.

मोठ्या माद्यांच्या कवटीची रुंदी कॅलिपरने मोजून ठेवली. पुढे लागणार आहे.

2 डिसेंबर

आहार बदलला. क-2 दूध-बिस्किट आणि चहा-चपातीवर वाढलेली, क-1 केळ्यांवर. दोघांच्या दाढा किडलेल्या. बागेतलं केळं, आंबा, चिकू ही माणसाने गोड केलेली फळं. रानातल्या फळात साखर कमी, चोथा जास्त. फळं म्हणजे माकडाचं खाणं हा समज इथे सगळ्यात जास्त नुकसान करतो.

चार किलोच्या मादीचं दिवसाचं पान: भाज्या 250 ग्रॅम (भेंडी, गवार, काकडी, दुधी, माठ), उकडलेले हरभरे किंवा मूग 60 ग्रॅम, कोरडं धान्य 35 ग्रॅम, फळ 60 ग्रॅमपर्यंत. त्यात रोज कच्च्या पेरूची फोड, कारण माकडांच्या शरीरात आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही आणि शिजवलं की ते जातं. अर्धं उकडलेलं अंडं आठवड्यातून दोनदा. पाला हवा तेवढा.

पान एकदम द्यायचं नाही. पाच वेळा, आणि वेळा रोज थोड्या पुढे-मागे. ठरावीक वेळ ठेवली तर आधीचा अर्धा तास येरझाऱ्यांत जातो.

गोड तोडताना घाई केली तर क-2 जेवतच नाही, म्हणून बिस्किटं एका महिन्यात शून्यावर आणायची, दर तीन दिवसांनी एक कमी. चहा आजपासून बंद.

16 डिसेंबर

जमवाजमव सुरू करण्याआधीची नोंद. प्रत्येक जनावर दिवसाला 20 मिनिटं, दर 30 सेकंदांनी त्या क्षणी काय चाललंय ते एका अक्षरात. म्हणजे 40 खुणा. चावणं, ओरडणं, झटापट या गोष्टी क्षणात होऊन जातात आणि 30 सेकंदांच्या फटीतून निसटतात. त्या वेगळ्या रकान्यात, दर वेळी. दोन्ही पद्धती एकत्र न वापरल्यामुळे कागदावर शांत दिसणारं माकड प्रत्यक्षात स्वतःचा हात फोडत असतं. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये हा फरक मांडला. तो अजून कामाला येतो.

क-2: 40 पैकी निम्म्याच्या आसपास खुणा झुलण्याच्या. दोन्ही हातांनी स्वतःला कवटाळून, पुढे-मागे, अंगठा तोंडात. शिवाय डावा हात चावणं. ते कधी होतं हे महत्त्वाचं: माणूस समोर उभा राहून तिच्याकडे टक लावतो तेव्हा. माकडाच्या भाषेत टक लावणं म्हणजे धमकी. ही धमकी माणसाला परत देता येत नाही, म्हणून ती स्वतःच्या हाताला देते. आजपासून सगळ्यांनी तिच्याकडे अंग तिरकं करून, नजर खाली ठेवून जायचं. ओरडून किंवा काठी आपटून चावणं थांबवायचं नाही, त्याने ते वाढतं.

क-1: माणूस दिसला की सलाम, मग हात पुढे. बाकी वेळ आठाच्या आकड्यात येरझाऱ्या. आणि दात विचकणं. येणारे लोक "हसतोय बघा" म्हणतात. ओठ मागे खेचून दाखवलेले बंद दात ही केलड्याची भीती आहे, माघार आहे. धमकी वेगळी दिसते: तोंड वाटोळं उघडं, भुवया वर, पापण्यांचा फिका भाग दिसतो. ओठ भराभर मिटून-उघडून पुटपुटल्यासारखं केलं तर तो सलोखा. हे तीन चेहरे ओळखता आल्याशिवाय कोणी पुढच्या कामात उभं राहायचं नाही.

6 जानेवारी 2025

क-3 आणि क-4 एकत्र. मध्ये चार दिवस जाळी होती, आज दार उघडलं. क-3 ने ओठ चाळवले, पिल्लू पाठमोरं झालं, क-3 ने त्याची कंबर धरली. संध्याकाळी पिल्लू तिच्या पोटाला. रानातल्या मादीला सांगावं लागत नाही.

9 ते 26 जानेवारी

क-2 ची पाळी. इथे घाई केली की सगळं फसतं.

पहिली पायरी, नुसतं दिसणं. दोन खोल्यांच्या मध्ये बारीक, 12 मिलिमीटरच्या दोन जाळ्या, एकमेकींपासून 30 सेंटिमीटरवर. बोट पलीकडे पोचत नाही, म्हणजे चावता येत नाही. क-2 पहिले दोन दिवस कोपऱ्यात, तोंड माणसांच्या दाराकडे. नंतर ती जाळीशी आली ती थेट, सरळ चालत, क-3 च्या डोळ्यात बघत. तिने ते नवखेपणाने केलं असेल, क-3 ला ते आव्हान वाटलं. वाटोळ्या तोंडाची धमकी, जाळीवर थाप. क-2 किंचाळून मागे.

याला अपयश समजून दार लावून टाकणं ही नेहमीची चूक. कळपात कोण वर, कोण खाली हे ठरल्याशिवाय शांतता येत नाही, आणि ते जाळीतून ठरलं तर रक्त सांडत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये व्हिक्टर राइनहार्ट यांनी ऱ्हीसस माकडांच्या जोड्या लावताना हेच दाखवलं: आधी विना-स्पर्श ओळख, मान कोणाचा ते स्पष्ट, मगच एकत्र. आम्ही ज्याची वाट पाहत होतो ते 17 तारखेला दिसलं. क-3 जवळ आली तेव्हा क-2 ने दात विचकले आणि बाजूला सरकली. एकीने विचकायचं, दुसरीने नाही. सलग चार दिवस एकाच दिशेने झालं तेव्हा पुढे गेलो.

दुसरी पायरी, एकच जाळी, 50 मिलिमीटरची. बोटं जातात, आता बोट चावलं जाण्याचा धोका आहे, म्हणून पहिला दिवस 15 मिनिटांच्या चार फेऱ्या, माणूस समोर. जाळीच्या दोन्ही बाजूंना खाली चुरमुरे विखुरले, म्हणजे दोघी शेजारी शेजारी खाली मान घालून वेचतात.

24 जानेवारी, दुपारी. क-2 जाळीला पाठ टेकून बसली. कमरेला साखळीने घासून झालेला जुना पट्टा जाळीच्या चौकोनातून दिसत होता. क-3 आली, एका हाताने तिचे केस बाजूला केले, आणि हात एकच असल्याने केस धरून ठेवायला ओठ वापरले. पट्ट्याच्या कडेची सुटलेली खपली दातांनी उचलली, चावली, पुन्हा बघितलं. क-2 पहिल्यांदा ताठ, खांदे कानापर्यंत. मग खांदे उतरले. मग पापण्या. सात मिनिटं. त्या 20 मिनिटांच्या नोंदीत झुलण्याची एकही खूण नाही.

27 जानेवारी

दार उघडण्याआधी मधली एक युक्ती. सरकत्या दाराला दोन बोल्टांनी अडवून फक्त उभी फट ठेवली, मोठ्या माद्यांच्या कवटीच्या रुंदीपेक्षा एक सेंटिमीटर कमी. जिथून डोकं जातं तिथून माकड जातं, त्यामुळे मोजमाप डोक्याचं. फटीतून क-4 जाऊ-येऊ शकते, मोठ्या नाहीत. फटीच्या कडांना रबर, बोट चेमटू नये म्हणून. पिल्लू वाढेल तशी फट पुन्हा मोजावी लागेल, महिन्यातून एकदा.

कल्पना जुनी आहे. विस्कॉन्सिनमध्येच हॅरी हार्लो यांनी 1950 आणि 60 च्या दशकांत पिल्लांना जन्मापासून एकटं ठेवून त्यांचं काय होतं ते पाहिलं. ती पिल्लं झुलत, स्वतःला चावत, मोठी होऊन कळपात राहू शकत नसत. त्या प्रयोगांची किंमत त्या माकडांनी मोजली. पुढे स्टीफन सुओमी आणि हार्लो यांना असं दिसलं की अशा माकडाला समवयस्काऐवजी लहान पिल्लाची सोबत दिली तर ते सावरतं. लहान पिल्लू भांडत नाही, फक्त चिकटतं. आणि चिकटलेलं पिल्लू अंगावर असताना झुलता येत नाही.

क-4 ला 40 मिनिटं लागली. डोकं आत, बाहेर, आत. मग क-2 च्या मागून जाऊन पाठीला मिठी. क-2 ने मान वळवून बघितलं आणि तशीच बसून राहिली, दोन्ही हात मोकळे, काय करायचं ते न कळल्यासारखे. पलीकडून क-3 ने एकदा हाक दिली, पिल्लू परत गेलं. मग पुन्हा आलं. पिल्लाला स्वतःहून परत जाता येतं, म्हणूनच ही फट. उचलून आत सोडलं असतं तर क-3 ने जाळी फोडायला कमी केलं नसतं, आणि क-2 घाबरून चावली असती.

4 फेब्रुवारी

मोठ्या पिंजऱ्यात तिघी एकत्र, सकाळी 9 वाजता, पोटं भरलेली असताना. माणसं तीन: एक दारांच्या साखळीवर, एक पाण्याच्या पाइपवर, एक नुसती नोंद ठेवायला. जाळं आणि प्लायवुडचा तक्ता हाताशी. चुरमुरे आणि भाजके चणे पेंढ्यात सगळीकडे, एका जागी ढीग नाही.

कधी तोडायचं ते आधीच लिहून भिंतीवर लावलं होतं, कारण त्या वेळी प्रत्येकाला वेगळं वाटतं. तोडायचं: रक्त, एकीला दुसरी पाणी-खाण्यापर्यंत जाऊच देत नाही, कोपऱ्यात दबून बसून जुलाब. तोडायचं नाही: ओरडा, छोटा पाठलाग, थप्पड, दात विचकणं.

एक पाठलाग झाला, आडोशाला वळसा घालून संपला. दोन तास. मग रोज तासाने वाढ.

19 फेब्रुवारी

खाऊच्या नळ्या. माणगा याला चालत नाही, भरीव असतो. त्यासाठी कळक, 8 ते 10 सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही टोकांना पेर शाबूत ठेवून 35 सेंटिमीटरचा तुकडा. पोटाला 20 मिलिमीटरची सहा भोकं, विखुरलेली. भोक बोटाचं हवं, मुठीचं नको. मोठ्या भोकात हात घालून मूठ वळली की माकड ती सोडत नाही आणि मनगट सोलवटतं. भोकांच्या कडा सॅंडपेपरने. आत चणे, लाह्या, कोरडी पानं अर्धी भरून. पानं नसतील तर नळी उलटी करून दोन मिनिटांत रिकामी करतात.

क-3 च्या एका हातासाठी दोन नळ्या जाळीला घट्ट बांधल्या. लोंबती नळी धरायला दुसरा हात लागतो.

नारळाची सोडणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ: भिजवून, धाग्यांत चणे खोचून. फाडत बसतात. नळी दोन दिवसांत ओळखीची होते, सोडण कधीच सारखं नसतं.

12 मार्च

शिमगा. पालखी रस्त्यावरून जाईल, ढोल-ताशे आणि फटाके. वाडीतल्या मंडळींनी सांगितल्यावर गेटसमोर फटाके न लावण्याचं कबूल केलं आणि पालखीची वेळ कळवायचं ठरवलं. वेळेच्या अर्धा तास आधी तिघींना रात्रीच्या खोल्यांत घेऊन पेंढ्यात खाऊ विखुरायचा, दार उघडं ठेवायचं. कोंडल्यासारखं वाटलं तर आवाजापेक्षा दाराची भीती मोठी होते. क-1 ला वेगळं, ढोलकीपासून सगळ्यात लांब. त्याच्या आयुष्यात ढोल म्हणजे काम.

12 एप्रिल

हनुमान जयंती. सकाळपासून लोक केळी आणि गूळ घेऊन. एका आजींनी विचारलं, "मारुतीक उपाशी ठेवतास काय?" प्रश्न मनापासूनचा होता, उत्तरही तसंच द्यायला हवं. किडक्या दाढांचे फोटो दाखवले, आणि केळ्याऐवजी पाला आणायला सांगितलं. त्या घरी जाऊन उंबराचा भारा घेऊन आल्या.

यादी गेटवर लावली. चालतं: उंबर, जांभूळ, चिंच, शेवगा यांच्या पानांच्या फांद्या, करवंदं, बी काढलेली काजूची बोंडं. काजूची बी कधीच नाही, टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं. कण्हेर, काजरा, रुई यांची फांदी चुकूनही भाऱ्यात नको. कोणी औषध मारलेल्या बागेतला पाला आणू नये, मोहोराच्या फवारणीनंतर तर नाहीच.

याच दिवशी कोणी जखमी वानर आणून दिलं. ते वन विभागाकडे लगेच रवाना. वानर आणि केलडं एकाच पिंजऱ्यात ठेवायचं नसतं, आणि केलड्याचं खाणं वानराला द्यायचं नसतं. वानराच्या जठरात पाला आंबवणारे जंतू असतात. धान्य आणि गोड फळं गेली की ती आंबवण बिघडते, पोट फुगतं, जनावर दोन दिवसांत जातं.

28 एप्रिल

क-1. त्याला आधी आठवडाभर एकटं मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं, माद्या मागच्या खोल्यांत जाळीआड. नवख्या नराला पळायच्या वाटा माहीत असायला हव्यात. माद्या एकजुटीने उठल्या तर सात किलोचा नरही मार खातो. जाळीतली ओळख माद्यांसारखीच, पण त्याच्या बाबतीत अडचण वेगळी: माणूस दिसला की तो माद्यांकडे पाठ करून सलाम ठोकतो. म्हणून निरीक्षण तट्ट्याच्या फटीतून. माणूस नाहीसा झाल्यावर चौथ्या दिवशी त्याने जाळीतून क-3 ची पाठ साफ केली.

आज दार उघडलं. क-4 किंचाळली, क-3 आणि क-2 दोघी मिळून धावल्या. दोघी मिळून, हे नोंदवून ठेवण्यासारखं: क-2 ने पहिल्यांदा कोणाची बाजू घेतली. क-1 वरच्या काठीवर, दात विचकून. सुळे नसल्याने त्याचा वचक कमी आहे आणि माद्यांना ते लवकर कळलं. तासाभराने सगळे वेचायला खाली. बोटाला एक ओरखडा, तोडावं लागलं नाही.

24 मे

पाऊस मिरगाची वाट न बघता आला. 20 तारखेपासून धार लागली आहे. पेंढ्याचा 15 सेंटिमीटरचा थर महिनाअखेरीला काढायचा होता, तो भिजला आणि तिसऱ्या दिवशी खालून गरम लागला. हाताने उपसला, पांढरी बुरशी. त्याच्या धुळीने फुप्फुसं धरतात, म्हणून उपसताना मास्क आणि माकडं खोलीत. पुढच्या वर्षी पेंढा 10 मेपर्यंत बाहेर, हवामानाचा अंदाज काहीही असो. पावसाळ्यात फरशी उघडी आणि वेचण्याचं काम लाकडी परातींत, जमिनीपासून मीटरभर उंच, सोडणांच्या तुकड्यांवर. खाली सांडलं की उंदीर, आणि उंदराच्या मुतातून लेप्टो, माणसालाही आणि माकडालाही.

शेंगदाणे बंद. ओल्या हवेत त्यांच्यावर धरणाऱ्या बुरशीचं विष यकृत खातं, आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. भाजके चणे घट्ट झाकणाच्या डब्यात, एका आठवड्यापुरतेच.

दोन खोल्यांमधलं दार परवा अडकलं. पट्टी साध्या लोखंडाची होती, गंजून फुगली. दार अर्ध्यावर, एका बाजूला क-1, एका बाजूला माद्या, आणि वीज गेलेली. दार नेहमी बाहेरून आणि हाताने चालणारंच हवं ते यासाठी. पाचर ठोकून सोडवलं. आता 316 दर्जाचा स्टेनलेस गज आणि नायलॉनचा खाचा. 304 समुद्राजवळ ठिपके धरतं. सगळी दारं रोज सकाळी एकदा पूर्ण उघडून बंद करायची, गरज असो वा नसो.

14 जून

2 जूनपासून चौघं रात्रीही एकत्र. दोन खोल्या, मधलं दार उघडं आणि खिळ लावून पक्कं, म्हणजे वाऱ्याने आपटून वाट बंद होत नाही. पश्चिमेला झावळांचं शाकार, त्याच्या आत ताडपत्री, वर हातभर हवेची फट.

क-2 चं झुलणं संपलेलं नाही. अनोळखी माणूस आला की अजून चार-सहा खुणा येतात, हात चावणं आठवड्यातून एखादं. लहानपणी बसलेली ही खूण पूर्ण जात नाही असं धरूनच पुढची आखणी: अनोळखी माणसांना तिच्या बाजूने प्रवेश नाही. क-1 चा सलाम कमी झाला आहे, कीपर बदलला की परत येतो.

वजनकाट्यावर आपणहून बसणं: क-3 आणि क-4 शिकल्या, शिट्टी आणि एक चणा. क-2 काट्यावर येते ती क-4 ला पोटाशी घेऊन, त्यामुळे दोघींचं एकत्र वजन लिहून क-4 चं वजा करायचं. क-1 अजून काट्याच्या कडेला हात लावून निघून जातो. शिट्टी त्याच्यासाठी बदलायला हवी, खेळवाल्याच्या शिट्टीसारखी वाटते. लाकडी टकटकी करून बघणार, शनिवार 21 जूनच्या वजनापासून.